पडलेला शेअर टप्प्याटप्प्याने घ्यायचा तर खर्च किती?

"लॉइड पडला म्हणते, घेऊन टाकू काय?" धानाचे पैसे खात्यावर आले की ब्रह्मपुरीत हा प्रश्न ऐकू येतो. शाळेच्या स्टाफरूममध्ये, राइस मिलच्या काट्यापाशी, वडशाच्या गाडीची वाट पाहताना. विचारणाऱ्याच्या हातात मोबाइल असतो, मोबाइलवर लाल आकडा असतो आणि मनात एक हिशेब असतो: आधी हजाराला होता, आता साडेसातशेला मिळतो, म्हणजे अडीचशे रुपये वाचले. हा हिशेब चुकीचा आहे. तो का चुकीचा, आणि तरीही शेअर घ्यायचाच असेल तर पैसे कुठे-कुठे आणि किती कापले जातात, हे या लेखात सांगायचे आहे. शेअर कोणता घ्यावा हे मी सांगणार नाही. लॉइड्स मेटल्सचे नाव वारंवार येईल, कारण चंद्रपूर-गडचिरोलीत वाढीचा शेअर म्हटले की लोकांच्या तोंडी तोच येतो. ती शिफारस समजू नये.

हातात येणाऱ्या पैशापासून सुरुवात करू. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. पंचवीस क्विंटल धान आधारभूत केंद्रावर घातले तर ५९,२२५ रुपये होतात. ढोबळमानाने साठ हजार धरू आणि पुढचे सगळे आकडे याच रकमेवर मांडू. मात्र ही रक्कम 'उरलेली' आहे का, हा प्रश्न आधी. पीककर्ज मार्चअखेर फेडले नाही तर व्याजसवलत जाते, आणि ती गेल्याचा तोटा निश्चित असतो. शेअरचा नफा निश्चित नसतो. पीककर्ज, बियाण्या-खतांची उधारी, मुलांची फी आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढल्यावर जे राहील तेवढेच बाजारात न्यावे. काहीच राहत नसेल तर हा लेख इथेच मिटवला तरी चालेल.

खाते उघडण्याचा खर्च

डिमॅट खाते उघडणे बहुतेक ब्रोकरांकडे आता फुकट किंवा नाममात्र आहे. आधारला मोबाइल जोडलेला, पॅन आणि बँक खाते हाताशी असेल तर काम घरबसल्या होते. पैसे जातात ते दरवर्षीच्या देखभाल आकारात. साध्या खात्याला हा आकार बहुधा वर्षाला काही शे रुपये आणि वर जीएसटी असा असतो. पण सेबीने १ सप्टेंबर २०२४ पासून मूलभूत सेवा डिमॅट खात्याची, म्हणजे बीएसडीएची, मर्यादा वाढवली आहे. खात्यातल्या शेअरची किंमत चार लाखांपर्यंत असेल तर देखभाल आकार शून्य, चार ते दहा लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये. अट एकच: पहिला धारक म्हणून तुमच्या नावावर एकच डिमॅट खाते हवे. आमच्याकडे गोम असते ती इथेच. भाच्याने सांगितले म्हणून एक ॲप, बँकेतल्या साहेबांनी गळ घातली म्हणून दुसरे खाते, आयपीओसाठी तिसरे. मग तिन्हींचा आकार भरत बसायचे. जास्तीची खाती बंद करा; खाते बंद करायला पैसे लागत नाहीत. नॉमिनीचे नाव मात्र आजच भरा.

एका खरेदीवर काय कापले जाते

समजा, शेअर ७५० रुपयांना आहे आणि तुम्ही २० शेअर घेतले. सौदा १५,००० रुपयांचा. डिलिव्हरी खरेदीवर एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर, ०.१ टक्का, म्हणजे १५ रुपये. स्टॅम्प ड्युटी ०.०१५ टक्के, म्हणजे सव्वादोन रुपये. ती फक्त खरेदीवर लागते. राष्ट्रीय शेअर बाजाराचा व्यवहार आकार या सौद्यावर पन्नास पैशांच्या आत. सेबीचे शुल्क कोटीला दहा रुपये, म्हणजे इथे दीड पैसा. ब्रोकरेज, व्यवहार आकार आणि सेबी शुल्क यांच्यावर १८ टक्के जीएसटी. ब्रोकरेज शून्य असेल तर हे सगळे मिळून साधारण १८ रुपये होतात.

फरक पडतो तो ब्रोकरेजने. बाजारात आज तीन तऱ्हा दिसतात. काही सवलतीचे ब्रोकर डिलिव्हरीला काहीच घेत नाहीत. काही सौद्यामागे ठरावीक रक्कम घेतात. ती २० रुपये धरली तर जीएसटीसह २३ रुपये ६० पैसे होतात. तिसरी तऱ्हा गावातल्या ऑफिसची. तिथे ओळखीचा माणूस बसतो, फोनवर ऑर्डर घेतो आणि ब्रोकरेज टक्क्यांत लावतो. ते अर्धा टक्का धरले तर पंधरा हजारांवर ७५ रुपये आणि जीएसटी, म्हणजे साडेअठ्ठ्याऐंशी रुपये.

आता साठ हजार चार तुकड्यांत घातले तर? शून्य ब्रोकरेजला एकूण खर्च ७१ रुपये, ठरावीक रकमेच्या ब्रोकरकडे १६५, टक्केवारीवाल्याकडे ४२५. तेच साठ हजार एकाच दिवशी घातले असते तर हे आकडे ७१, ९५ आणि ४२५ झाले असते. म्हणजे तुकडे पाडण्याचा जास्तीचा खर्च फक्त ठरावीक रकमेच्या ब्रोकरकडे येतो, आणि तोही सत्तर रुपये. तुकडा फार लहान केला तरच हा खर्च बोचतो. दोन हजारांच्या खरेदीवर २३ रुपये ६० पैसे म्हणजे जवळजवळ सव्वा टक्का खरेदीलाच गेला. त्यामुळे ठरावीक ब्रोकरेज असेल तर दहा हजारांच्या खालचा तुकडा करू नये. टक्केवारीवाल्याकडेही 'किमान इतके' अशी ओळ करारात असते; ती सही करण्याआधी विचारून घ्यावी.

अर्धा टक्का महाग आहे का? ज्याला स्वतः ऑर्डर टाकता येते त्याला महागच. पण ज्याला मोबाइलवर दोन शून्ये जास्त पडण्याची धास्ती आहे, त्याने समोर बसलेल्या माणसाला साडेतीनशे रुपये जास्त दिले तर मी त्याला हसणार नाही. तो माणूस शेअर बाजारात नोंदलेला अधिकृत प्रतिनिधी आहे ना, एवढे पाहावे. पैसे ब्रोकर कंपनीच्या खात्यातच जायला हवेत. त्याच्या स्वतःच्या फोन-पेवर एक रुपयाही नाही.

विकताना एसटीटी पुन्हा ०.१ टक्का लागतो, स्टॅम्प ड्युटी लागत नाही, आणि एक नवा आकार येतो: डीपी चार्ज. हा रकमेवर नसतो. दिवसाला एका कंपनीमागे एकदा लागतो. ब्रोकरप्रमाणे तो साधारण पंधरा-वीस रुपये पडतो. एका दिवसात ऐंशी शेअर विकले तर एकदा, आणि चार दिवसांत वीस-वीस विकले तर चार वेळा. तुकड्यांत घेण्याला अर्थ आहे. लहान रकमेत तुकड्यांत विकण्याला बहुधा नाही. ऐंशी हजारांची विक्री धरली तर शून्य ब्रोकरेजला सगळे मिळून शंभर रुपयांच्या आसपास आणि अर्धा टक्का देणाऱ्याला पावणेसहाशे रुपये जातील.

इतके सगळे मोजून हाती काय आले? साठ हजारांच्या खरेदी-विक्रीत पावणेदोनशे ते हजार रुपये. लोक 'झिरो ब्रोकरेज' या दोन शब्दांमागे धावतात, पण या धंद्यातले मोठे खर्च दुसरीकडे आहेत.

मोठा खर्च पहिला: कर

साठ हजारांचे ऐंशी हजार झाले, म्हणजे नफा वीस हजार. बारा महिने पूर्ण व्हायच्या आत विकले तर अल्पमुदतीचा भांडवली नफा होतो आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर २० टक्के कर आहे. आधी तो १५ होता. चार टक्के उपकर धरून ४,१६० रुपये. बारा महिन्यांनंतर विकले तर तो दीर्घ मुदतीचा नफा. त्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढच्या रकमेवर साडेबारा टक्के. म्हणजे याच वीस हजारांवर शून्य. थोडे थांबल्याने चार हजार वाचतात. ब्रोकरेजमध्ये एवढे वाचवायला किती सौदे करावे लागतील याचा हिशेब करून पाहा.

टप्प्याटप्प्याने घेणाऱ्यासाठी यातली गुंतागुंत अशी की प्रत्येक तुकड्याचे वर्ष वेगळे सुरू होते. समजा तुम्ही जानेवारी, मार्च, मे आणि जुलैत घेतले आणि पुढच्या फेब्रुवारीत सगळे विकले. मोबाइलवर एकच सरासरी भाव दिसतो, पण प्राप्तिकर खाते सरासरी मानत नाही. डिमॅटमध्ये जे आधी आले ते आधी गेले असे धरले जाते. जानेवारीचा तुकडा दीर्घ मुदतीचा, उरलेले तीन अल्पमुदतीचे. म्हणून खरेदीची तारीख वहीत लिहून ठेवा, आणि सगळे विकायची घाई नसेल तर वर्ष पूर्ण झालेला तुकडाच आधी विका.

शेतकरी आणि नोकरदार यांच्यात इथे मोठा फरक आहे, आणि तो फारसे कोणी सांगत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त. शेतीशिवाय दुसरे उत्पन्न नसलेल्या माणसाला वीस हजारांचा अल्पमुदतीचा नफा झाला, तर तो नव्या करपद्धतीतल्या चार लाखांच्या मूळ सवलतीत बसून जातो, कर शून्य. शिक्षकाचे तसे नाही. 'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे वाक्य त्याने ऐकलेले असते, पण त्यामागची ८७अ ची सूट नव्या पद्धतीत शेअरच्या या नफ्याला मिळत नाही. पगार बारा लाखांच्या आत असला तरी या नफ्यावर कर भरावा लागतो. शिवाय अल्पमुदतीचा नफा झाला की सोपा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. कर सल्लागार त्याची फी जास्त घेतात. ती आधीच विचारा.

तोटा झाला तर विवरणपत्र मुदतीत भरा. तरच तो पुढची आठ वर्षे नफ्यातून वजा करता येतो. ब्रोकरेज नफ्यातून वजा होते, एसटीटी होत नाही. लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो; एका कंपनीकडून वर्षाला दहा हजारांच्या वर आला तर दहा टक्के टीडीएस कापून येतो.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत आणि त्यांत वारंवार शेअर घेणे-विकणे सट्टा मानले आहे. घेऊन ठेवण्याला हरकत नाही. रोज सकाळी सव्वानऊला मोबाइल उघडून बसण्याला आहे.

मोठा खर्च दुसरा: चुकीच्या पडझडीत सरासरी करणे

आता मुद्द्याचे. भाव का पडला, याची उत्तरे निरनिराळी असतात आणि प्रत्येक उत्तराला वेगळी किंमत मोजावी लागते.

कधी पडलेलेच नसते. जून २०२५ मध्ये पुण्याच्या बजाज फायनान्सचा भाव एका दिवसात नव्वद टक्के खाली दिसला. कंपनीने एका शेअरमागे चार बोनस दिले होते आणि दर्शनी मूल्याचे दोन भाग केले होते. एकाचे दहा शेअर झाले, भाव एकदशांश झाला, मालकाच्या हातातली रक्कम तितकीच राहिली. अशा दिवशी 'स्वस्त झाला' म्हणून उडी घेणारे भेटतात. भाव एकदम निम्मा किंवा त्याहून खाली दिसला तर आधी बोनस किंवा विभाजन झाले का ते पाहा.

कधी सगळा बाजारच पडतो. निफ्टी सप्टेंबर २०२४ च्या शेवटी २६,२०० च्या वर गेला आणि मग ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे सलग पाच महिने घसरला; एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तो २२ हजारांच्याही खाली जाऊन आला. लहान कंपन्यांचे शेअर त्याहून जास्त आपटले. अशा पडझडीत कंपनीचा धंदा जिथल्या तिथे असतो, घाबरलेले पैसे बाहेर जातात. टप्प्याटप्प्याने घेण्याची पद्धत खरी उपयोगी पडते ती या वेळी. याच बजाज फायनान्सचा भाव फेब्रुवारी २०२० मध्ये जुन्या हिशेबाने ४,९०० च्या आसपास होता, कोरोनात दोन हजारांच्या खाली आला आणि पुढच्या वर्षी सात हजारांच्या वर गेला. पण तो तळ कोणालाही तेव्हा दिसत नव्हता.

आणि कधी धंदाच बिघडलेला असतो. पुण्याचीच सुझलॉन आठवा. २००८ च्या जानेवारीत शेअर चारशेच्या वर होता. त्या वर्षी तो निम्म्यावर आला तेव्हा 'अर्ध्या किमतीत पवनचक्की' म्हणून लोकांनी घेतला. कर्ज वाढत गेले, शेअर पडत गेला. २०२० मध्ये तो दोन-तीन रुपयांपर्यंत उतरला. दोनशेला घेतलेल्याचे शंभरातले नव्व्याण्णव रुपये गेले. २०२४ मध्ये तो ऐंशीच्या वर गेल्याचा आनंद झाला तो दोन-पाच रुपयांना घेणाऱ्यांना. दोनशेवाला सोळा वर्षांनीही तोट्यातच होता. प्रत्येक घसरणीला आणखी थोडे घेऊन सरासरी खाली आणणाऱ्याचे काय झाले असेल? त्याचा प्रत्येक नवा तुकडा आधीच्या चुकीवर घातलेला पैसा होता.

ही तीन उत्तरे वेगळी कशी काढायची? भावाच्या आलेखावरून नाही. कंपनीचे तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत येतात, वार्षिक निकाल ६० दिवसांत. ते मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. विक्री वाढली का, नफा वाढला का, कर्ज किती वाढले, प्रवर्तकांनी शेअर गहाण ठेवले आहेत का. एवढे चार आकडे गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून पाहायला अर्धा तास पुरतो. हा अर्धा तास ज्याला द्यायचा नाही त्याने निर्देशांक फंडात एसआयपी करावी. त्यात कमीपणा नाही. मी तर म्हणेन, बहुतेकांसाठी तेच बरे.

सुरजागडचे उदाहरण

लॉइड्स मेटल्सच्या बाबतीत आपल्याकडच्या लोकांना एक गोष्ट जास्त कळते असा समज आहे: खाण आपल्या भागात आहे. खरेच आहे. घुग्गुसचा स्पंज आयर्नचा कारखाना जुना. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचा खाणपट्टा २००७ मध्ये मिळाला. काम सुरू झाले आणि डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथली सत्तरहून जास्त वाहने जाळली. खाण पुढे बराच काळ थंडावली. २०२१ मध्ये त्रिवेणी अर्थमूव्हर्स सोबत आली आणि उत्खनन जोरात सुरू झाले. २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा एक कोटी टनांवर गेली. जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी ही ८५ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन आणि कोनसरीचा पेलेट कारखाना मुख्यमंत्र्यांच्या हस्ते सुरू झाला, ४५ लाख टनांच्या पोलाद प्रकल्पाचे भूमिपूजनही झाले. शेअरनेही हा प्रवास दाखवला: २०२० मध्ये वीस रुपयांच्या आत मिळणारा कागद २०२५ मध्ये दीड हजाराच्या वर जाऊन आला, आणि मधेमधे जोरात पडलाही.

आलापल्ली-आष्टी रस्त्यावर खनिजाचे ट्रक मोजले म्हणून शेअर स्वस्त की महाग हे कळत नाही. ट्रक मुंबईच्या फंड व्यवस्थापकालाही माहीत आहेत, त्यामुळे ते भावात आधीच धरलेले असतात. स्थानिक माणसाला जास्त दिसते ते जोखमीच्या बाजूने: ग्रामसभांचा विरोध, जंगलजमिनीचे प्रश्न, रस्त्यांची दैना, न्यायालयातली प्रकरणे. त्यात जगातला लोहखनिजाचा भाव आणि नव्या कारखान्यांसाठी लागणारे मोठे भांडवल मिळवा. वाढीचा शेअर पडतो तो बहुतेकदा वाढ थांबल्याने नव्हे, तर लोकांनी धरलेल्या वेगापेक्षा ती थोडी मंदावल्याने. दीड हजाराच्या भावात पुढच्या कित्येक वर्षांची वाढ आधीच मोजलेली असते. म्हणून वरून पंचवीस टक्के पडलेला शेअर अजूनही महाग असू शकतो.

कोनसरी-हेडरीत काम करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. कंपनीने आदिवासी कामगारांनाही शेअर दिले. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत त्याचा कार्यक्रम झाला. चांगली गोष्ट आहे. पण असे शेअर मिळताना बाजारभाव आणि तुम्ही भरलेली किंमत यांतला फरक पगारात धरला जातो आणि त्यावर कर लागू शकतो. पुढचा नफा मिळालेल्या दिवसाच्या बाजारभावापासून मोजतात. आणि ज्याची नोकरी त्या खाणीत, ज्याचे मिळालेले शेअर त्या खाणीचे, त्याने भाव पडला म्हणून घरातले साठ हजारही त्याच खाणीत घालू नयेत. खाण महिनाभर बंद पडली तर पगार आणि पुंजी एकाच वेळी अडकेल. अशा माणसाला मी एकही तुकडा घ्या असे सांगणार नाही.

तुकडे कसे पाडायचे

पद्धत सोपी आहे, पाळणे अवघड. आधी एका कंपनीत जास्तीत जास्त किती घालायचे ते ठरवा. बाजारातल्या एकूण पैशांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असे माझे मत. म्हणजे साठ हजार एकाच शेअरमध्ये घालणाऱ्याकडे बाकी पाच लाख चाळीस हजार फंडांत किंवा इतर शेअरमध्ये असायला हवेत. नसतील तर तुकडा पंधराऐवजी पाच हजारांचा करा आणि बिनब्रोकरेजचा ब्रोकर शोधा. मग चार भाग. पहिला आता. दुसरा आणखी दहा-पंधरा टक्के पडल्यास, पण मधल्या तिमाहीचा निकाल वाचल्यावरच. तिसरा आणि चौथा निकाल चांगला आल्यावर, मग भाव वर गेलेला असला तरी. लोकांना हे शेवटचे पचत नाही. ६५० ला मिळत होता तो ७२० ला का घ्यायचा? कारण ६५० ला धंदा टिकेल की नाही हे माहीत नव्हते, ७२० ला निकाल हातात आहे. वरचे सत्तर रुपये त्या माहितीची किंमत.

आकड्यांत पाहू. ७५० ला २०, ६५० ला २३, ७२० ला २१, ८०० ला १९. एकूण ८३ शेअर, ६०,२७० रुपये, सरासरी ७२६. एकदम घेतले असते तर ७५०. जवळपास दोन हजार वाचले. आता उलट धरा. तुम्ही पहिला तुकडा घेतला आणि शेअर सुटलाच: ८२५, ९००, ९७५. तेवढ्याच पैशांत ८० ऐवजी ६९ शेअर हाती येतील, सरासरी ८५३, आणि एकदम घेणाऱ्यापेक्षा सात हजार रुपये जास्त मोजावे लागतील. ही टप्प्यांची खरी किंमत आहे आणि ती कोणत्याही दरपत्रकात छापलेली नसते. मला ती मान्य आहे, कारण दुसऱ्या पारड्यात सुझलॉन आहे. पन्नास टक्के पडलेला शेअर मूळ भावावर यायला शंभर टक्के वाढावा लागतो.

आणि निकाल खराब आला तर? पुढचे तुकडे रद्द. पहिला ठेवायचा की विकायचा हा नंतरचा प्रश्न. पण 'सरासरी खाली येईल' हे एकच कारण असेल तर नवा रुपया घालायचा नाही. थांबलेले पैसे बचत खात्यात अडीच टक्क्यांवर पडून राहतात म्हणून हळहळू नका. लिक्विड फंडात किंवा छोट्या मुदत ठेवीत ठेवा.

बाजार सव्वानऊ ते साडेतीन. तुमच्या गावात दुपारी रेंज जात असेल तर जीटीटी म्हणून सोय आहे: भाव ठरवून ऑर्डर आधीच लावून ठेवता येते. लहान कंपनीत नेहमी भाव लिहूनच ऑर्डर टाका, 'मार्केट'वर टाकू नका. शेअर लोअर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या खालच्या मर्यादेला, लागला तर विकायला घेणारा मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

न करायच्या गोष्टी थोडक्यात. ब्रोकर 'तुमचे तीस हजार, आमचे तीस हजार' म्हणतो त्याला एमटीएफ म्हणतात; वर्षाला चौदा टक्के व्याज धरले तर तीस हजारांवर ४,२०० रुपये, शेअर वाढो न वाढो. पडता शेअर उसन्या पैशांवर धरला तर ब्रोकर तळाशी तो विकून मोकळा होतो. पडझड भरून काढायला ऑप्शनकडे वळू नका. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात वायदे-ऑप्शन करणाऱ्या शंभर वैयक्तिक लोकांपैकी ९३ जणांना तीन वर्षांत तोटाच झाला होता. व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर 'हमखास' सांगणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागा; नसेल तर त्याचा सल्ला फुकट असला तरी महाग आहे. खोट्या ॲपवर पैसे गेले तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा.

प्रत्येक सौद्यानंतर चोवीस तासांत ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट येते. या लेखातले दर २०२५-२६ चे आहेत. ते तिच्याशी ताडून पाहा. जास्तीचा आकार दिसला तर आधी ब्रोकरला लेखी विचारा, उत्तर पटले नाही तर सेबीच्या स्कोअर्सवर तक्रार नोंदवा. त्याला पैसे लागत नाहीत. सेबीचा टोल-फ्री क्रमांक १८०० २२ ७५७५ आहे.